आपोआप आलेली ओळ

१९ नोव्हेंबर

काल नोंगतानच्या विहाराच्या जत्रेत आम्ही बायांनी पुरुषांना पार लोळवलं. माझ्या शेवटच्या ओळीवर लोकांनी इतक्या शिट्ट्या मारल्या की झीलकऱ्यांना आपलं धृपद ऐकू येईना. आणि आज सकाळपासून माझ्या घशाखाली पेजसुद्धा उतरत नाही.

काय झालं ते सरळ लिहून काढते, म्हणजे डोकं तरी शांत होईल.

थविन आणि मी समोरासमोर. पुरुषांच्या बाजूचा म्होरक्या तो, बायांच्या बाजूची मी. सवाल त्याचा, जवाब माझा, आणि मग उलट. बावीस-तेवीस वर्षं हेच चाललंय. काल तो रंगात होता. गळ्यात गुलाबी पंचा, केसांना तेल. माझ्या बिनलग्नाच्या आयुष्यावर तो नेहमीच गातो, त्यात नवीन काही नाही. म्हणाला:

पन्नाशीला टेकलं शेत, नांगर नाही लागला,
पाऊस आला, पाऊस गेला, बांध कोरडा राहिला!

पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या लाजल्यासारखं करून हसल्या. माझ्याकडे अशा वेळचे ठरलेले दहा-बारा जवाब आहेत. त्यातला एक काढायचा, लोक खूश, पुढे चला. पण झीलकऱ्यांनी धृपद धरलं, टाळ्या सुरू झाल्या, आणि माझं तोंड उघडलं तेव्हा भलतंच बाहेर आलं:

माझ्या पडीक रानामधलं तणसुद्धा माझं रं,
तू डोईवर मिरवत फिरतोस परक्या बियाचं ओझं रं!

मी हे जुळवलं नव्हतं. शपथेवर सांगते. आलं ते आलं.

लोक खुर्च्यांवर उभे राहिले. त्यांना वाटलं, नेहमीची चावट थट्टा. थविनच्या हातातली चिपळी थांबली, एवढंच. मग त्याने हसून मान डोलावली आणि हात जोडले, हरलो म्हणून. तिसऱ्या रांगेत त्याची बायको संग्वियनताई बसली होती. शेजारी प्रांग, त्यांची मुलगी, आणि प्रांगचे होणारे सासू-सासरे.

प्रांग थविनची नाही. हे जगात थविनला ठाऊक आहे, संग्वियनताईला ठाऊक आहे, आणि मला.

२० नोव्हेंबर

थविनला फोन केला. उचलला नाही. त्याच्या घशासाठी आल्याचा काढा करून नेते मी दर कार्यक्रमाला, त्याची बाटली माझ्याकडेच राहिली आहे, ते विचारायचं होतं. नुसतं तेवढंच.

२३ नोव्हेंबर

कुणीतरी जत्रेतलं चित्रण फोनवर टाकलंय. सुफानच्या बाजारात मासेवाली मला बघून ओरडली, "काय गं लमोम, परक्या बियाचं ओझं! माझा नवरा दिवसभर तेच गुणगुणतोय, मेला!" भाजीवालीने कोथिंबीर फुकट दिली.

चांपीमावशी, आमच्या झीलकऱ्यांतली सगळ्यांत जुनी, घरी येऊन बसली. तिचा फोन तिच्या नातवाने लावून दिलेला. तिने ती ओळ मला माझ्याच घरात ऐकवली.

"जन्मात एकदा अशी ओळ येते बाई," म्हणाली. "आपल्या गुरूंनासुद्धा नसती सुचली."

मला, खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. चित्रण मी आणखी एकदा बघितलं. आवाज छान लागला होता. मग चित्रणात थविनचा चेहरा आला आणि मी फोन उलटा ठेवला.

स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती. मावशी गेल्यावर मी अंगण झाडलं, मग स्वयंपाकघर, मग पुन्हा अंगण.

२७ नोव्हेंबर

आज ताटात फुलं, उदबत्त्या, मेणबत्त्या घेऊन थविनच्या घरी गेले. रीतीप्रमाणे पायाशी बसून क्षमा मागायची, मग पुढे काय ते होवो. तो घरी नव्हता. संग्वियनताई मागच्या पडवीत केळीची पानं पुसत बसली होती.

माझ्याआधी बायांची म्होरकी तीच होती. पोटात प्रांग आली तेव्हा तिने फड सोडला आणि जागा मला मिळाली. लग्न थविनशी झालं, घाईघाईने. मूल ज्याचं, तो लामतात गाणाऱ्या दुसऱ्या एका फडातला ढोलकवाला कधीच परागंदा झाला होता. त्यानंतर तिने जाहीर गाणं गायलं नाही.

मी ताट खाली ठेवलं आणि वाकणार, तोच ती म्हणाली, "उचल ते."

"ताई, माझी चूक झाली."

"कसली चूक?"

"ती ओळ..."

"ओळीत काय आहे? गंमत आहे." पान पुसून तिने बाजूला ठेवलं. "तू भर दिवसा ताट घेऊन माझ्या दारात आलीस. येताना वाटेत किती जणांनी बघितलं? क्षमा कशाची मागतात, लमोम? खऱ्याची. गमतीची कुणी मागतं का?"

ताट मी मांडीवर ओढून घेतलं, लपवल्यासारखं.

मग तिने विचारलं, अगदी हळू. "तुला कुणी सांगितलं?"

एवढ्या वर्षांत त्या दोघांचं आपसात बोलणं झालं असेल, असं मी धरून चालले होते. मी म्हटलं, "थविनने."

तिने फडकं खाली ठेवलं. "त्याला ठाऊक आहे?"

देवा. मला तिथेच जमीन दुभंगून पोटात घेती तर बरं झालं असतं. तिला इतकी वर्षं वाटत होतं, थविनला काही कळलेलं नाही. त्याने तिला कळू दिलं नव्हतं. मोठा पूर आला होता त्या वर्षी आमचा ट्रक बंधाऱ्यावर अडकला होता, बाकीचे छपरावर झोपलेले, तेव्हा तो मला म्हणाला होता, "मला लग्नाआधीपासून माहीत आहे. तिला मात्र सांगायचं नाही. माझ्यासमोर तिला मान खाली घालावी लागू नये." माझ्यावर केवढा विश्वास! मी तो एखाद्या दागिन्यासारखा जपला होता. रात्री कधी कधी काढून बघावा तसा.

हे सगळं मी ताईला सांगितलं. सांगायला नको होतं का? पण आता काय झाकणार होते?

तिने फडकं पुन्हा उचललं, आणखी दोन पानं पुसली. शेजारच्या घरात रेडिओ चालू होता. शेवटी म्हणाली, "आता ऐक. ती ओळ तू पुन्हा म्हणायची. प्रत्येक कार्यक्रमात. लोक मागतील तिथे, नाही मागितली तरी. सोडून दिलीस तर लोक विचारतील, का सोडली? म्हणत राहिलीस तर शिळी होईल. शिळ्या थट्टेत खरं काही आहे असं कुणाला वाटत नाही. प्रांगचं लग्न व्हायचंय."

"थविनसमोर?"

"तोच तर समोर असतो तुझ्या."

निघताना तिने ताटातली फुलं काढून घेतली, पाण्यात घातली. "वाया कशाला घालवायची," म्हणाली.

४ डिसेंबर

बानसाइच्या विहारात कार्यक्रम. म्हटली. लोक खूश. थविनने चिपळी न थांबवता हसून हात जोडले, तसेच, मागच्यासारखेच. म्हणजे त्यालाही सांगितलेलं आहे.

कार्यक्रमानंतर मी त्याच्यासमोर काढ्याची बाटली धरली. त्याने ती घेतली आणि आपल्या बाजूच्या ढोलकवाल्याला देऊन टाकली.

१५ डिसेंबर

बँकॉकहून निरमोन नावाची मुलगी आली होती, रेडिओवाली. "डोन-सोत" या शब्दावर कार्यक्रम करायचाय तिला. माझ्या ओटीवर चटई टाकून बसली, यंत्र मध्ये ठेवलं.

"मावशी, तुमच्या शब्दांत सांगा ना, डोन म्हणजे काय?"

असा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. पाणी म्हणजे काय, असं विचारल्यासारखं. मी म्हटलं, "वाट नसलेल्या जंगलात माणूस झाडी बाजूला करत करत शिरतो ना, ते डोन. आमची आई गोधडी शिवायची, टाका पुढे घालायचा, मग सुई मागे आणायची, त्या टाक्यालाही ती डोनच म्हणायची. गाण्यात म्हणशील तर जुळवलेलं नसताना जुळवत जाणं."

"आणि सोत?"

"ताजं. मासळी असते तशी. बाजारात तर आता कशालाही म्हणतात. पोरगं अभ्यास न करता परीक्षेला बसलं की म्हणतं, डोन-सोत ठोकलं. आमदाराला रस्त्याचं विचारलं की तोही डोन-सोतच ठोकतो." ती हसली. मलाही जरा सुचायला लागलं. "शिवाय सोत जरा लांबवून म्हटलं की अर्थ होतो बिनलग्नाचा. त्यावरून थविन मला चिडवतो. डोन सोत, लमोम सोऽत." चिडवायचा, असं म्हणायला हवं होतं.

"म्हणजे ती प्रसिद्ध ओळ तुम्ही आधी ठरवली नव्हती?"

"नाही."

"मनात कुठेतरी असेल ना पण?"

"नाही," मी म्हटलं, जरा जोरात. "आपोआप आली."

तिने पुन्हा म्हणून दाखवायला सांगितली. दाखवली. चांपीमावशीने माझ्या ओटीवरूनच झील धरली. यंत्राचा लाल दिवा माझ्याकडे बघत होता आणि माझे कान तापले होते. ती पोरगी निघताना पाया पडली. "तुमच्यासारखी मोकळी माणसं आता उरली नाहीत," म्हणाली.

मनात कुठेतरी असेल म्हणे! थविन मला भावासारखा. संग्वियनताईने जागा सोडली म्हणून मी म्होरकी झाले. मी तिचं वाईट कशाला चिंतीन?

३ जानेवारी

नववर्षाचे ओळीने कार्यक्रम झाले. ताई म्हणाली तसंच होतंय. ओळ शिळी होत चालली आहे. आता मी पहिली ओळ म्हणते आणि दुसरी लोकच म्हणतात, "ओझं रं" वर लहान पोरंसुद्धा कोरस धरतात. त्यांना बी म्हणजे काय तेही ठाऊक नाही. हसतात, पण पूर्वीसारखे नाही. लग्नातल्या फोटोत हसतात तसे.

दुसरं एक झालंय. मला नवीन काही सुचत नाही. थविनने काल माझ्या चपलांवर साधा सवाल टाकला, आणि मी पाठ असलेला जवाब दिला. परवाही. शब्द येताना मी दारात उभी राहून प्रत्येकाला विचारते, तू कोण, कुणाचा, कुणाला लागणार? तोवर ताल निघून जातो.

२० जानेवारी

आज थविन बोलला. दोन महिन्यांत पहिल्यांदा, गाण्याबाहेर.

आम्ही ट्रकमध्ये सामान चढवत होतो. बाकीचे नूडल्स खायला गेले होते. मी म्हटलं, "थविन, काय बोलायचं ते एकदा बोलून टाक. मार हवं तर."

तो पेटीवर बसला. "तू ताट घेऊन आली होतीस, त्या दिवशी मी घरी गेल्यावर ती मला म्हणाली, तुम्हाला माहीत होतं? मी म्हटलं, हो. मग ती रडायला लागली. लग्नात रडली नव्हती, बाळंतपणात रडली नव्हती, आई गेली तेव्हा रडली नव्हती. सकाळपर्यंत रडली. आता रोज संध्याकाळी आम्ही बोलतो. कशाकशावर बोलतो. म्हातारपणी." त्याने दोर ओढून गाठ मारली. "तुझे उपकार मानू की तुझ्या थोबाडीत मारू, मला कळत नाही, लमोम. म्हणून बोलत नव्हतो."

मला आनंद व्हायला हवा होता. त्यांचं बरं चाललंय. पण तो "रोज संध्याकाळी आम्ही बोलतो" म्हणाला आणि माझ्या पोटात काहीतरी तुटलं. भूक लागली असेल, दुपारी जेवले नव्हते.

"एक मात्र खरं," तो उठताना म्हणाला. "मी ते तुला सांगायला नको होतं. बायकोला सांगायचं ते तुला सांगितलं. ही माझी चूक. ती मी तुझ्या पदरात नाही टाकत."

याहून थोबाडीत मारली असती तर बरं.

८ फेब्रुवारी

उद्या प्रांगचं लग्न. सगळा फड आज थविनच्या घरी. पुरुष मांडव घालतायत, बाया नारळ खवतायत. मी एका कोपऱ्यात जुई ओवायला बसले होते, मान वर न करता. प्रांग येऊन शेजारी बसली. हाताला हळदीसारखं काहीतरी लावलेलं, केस बांधलेले. तिने सुई घेतली.

"मावशी, उद्या ती ओळ म्हणणार ना?"

"तुला नको असेल तर नाही म्हणणार, बाळा."

"म्हणा की. सासरचे सगळे वाट बघतायत. आई म्हणते, म्हणायलाच हवी." तिने चार-पाच कळ्या ओवल्या. "फक्त त्यातलं 'ओझं' बदलाल?"

"का गं?"

"बी परकं असलं तर असू दे. पण बाबांनी मला कधी ओझं म्हणून उचललं नाही."

माझ्या बोटात सुई गेली. ती शांतपणे ओवत होती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"शाळेत रक्तगट तपासले होते तेव्हापासून. घरी येऊन आई-बाबांचे दवाखान्याचे कागद बघितले. त्यांना नका सांगू हं. त्यांना वाटतं मला माहीत नाही. राहू दे तसंच."

एवढं बोलून ती हसली, माझ्या बोटाचं रक्त आपल्या रुमालाने पुसलं आणि कुणीतरी हाक मारली म्हणून गेली.

मी तिथेच बसून राहिले. तीन माणसं एका छपराखाली, प्रत्येकाने बाकीच्या दोघांना लागू नये म्हणून ओठ शिवून घेतलेले. इतकी वर्षं. आणि मी, बाहेरची, चार शिट्ट्यांसाठी त्यांच्या घरात पाय आपटत शिरले. त्या पोरीने इतके महिने गावोगाव पोरासोरांच्या तोंडून ऐकलं की ती ओझं आहे. मला ते एकदाही डोक्यात आलं नाही. मी थविनचा विचार केला, ताईचा केला, स्वतःचा तर रोजच केला.

"ओझं" ला दुसरा शब्द शोधतेय. माझं, तुझं, ताजं, राजं. एकही बसत नाही. बसला तरी लोक "ओझं" च म्हणणार, त्यांना पाठ आहे.

१० फेब्रुवारी

काल लग्न पार पडलं. सकाळी भिक्खूंचं मंत्रपठण, मग वरात, मग वडीलधाऱ्यांनी जोडप्याच्या हातांवर शंखातून पाणी घातलं. माझी पाळी आली तेव्हा प्रांगच्या हातांवर पाणी कमी आणि माझ्या बाहीवर जास्त सांडलं.

जेवणं झाल्यावर गाणं. मांडवात बसायला जागा नव्हती. थविन मुलीचा बाप, तरी त्याने गुलाबी पंचा गळ्यात टाकला आणि पुरुषांच्या बाजूला उभा राहिला. संग्वियनताई पुढच्या रांगेत, विहीणबाईंच्या शेजारी. मी गुरुवंदन केलं, नवरानवरीला दोन कौतुकाच्या ओळी म्हटल्या. दोन्ही पाठ केलेल्या. मग थविनने तो सवाल टाकला, पन्नाशीला टेकलं शेत. टाकायलाच हवा होता, लोक त्याचसाठी थांबलेले.

झीलकऱ्यांनी धृपद धरलं. मागून पोरं ओरडायला लागली, "ओझं! ओझं!" वरपक्षातला एक काका खुर्चीवर चढला, फोन उंच धरून.

माझ्याकडे काहीच नव्हतं. रात्रभर शोधूनही नव्हतं. "माझ्या पडीक..." एवढं म्हटलं की लोक पुढचं म्हणणार. आणि मी "माझ्या पडीक..." म्हटलं सुद्धा. जिभेला तीच सवय. पण मग समोर थविन दिसला. घामेजलेला, बापासारखा थकलेला, ती ओळ अंगावर घ्यायला हात आधीच अर्धवट जोडलेले. आणि तोंडातून निघालं:

माझ्या पडीक बांधावरनं तुझं शिवार बघते रं,
असलं पीक मला का नाही, म्हणून रोज जळते रं!

लोक हसले. सवयीने. मग त्यांच्या लक्षात आलं की ओळ वेगळी आहे. "ओझं" म्हणायला उघडलेली तोंडं तशीच राहिली. खुर्चीवरचा काका म्हणाला, "अगं मावशी, लग्नात हे रडगाणं कसलं!" त्यावर मात्र खरा हशा झाला. पुढच्या रांगेतली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "बिचारी. लग्न नाही ना झालं तिचं." मी सगळं ऐकलं. माइक हातात घेऊन, तोंडाला पावडर लावून, अख्ख्या मांडवात मी एकटी उघडी उभी होते.

जवाब थविनचा होता. त्याने दिला नाही. बावीस-तेवीस वर्षांत पहिल्यांदा. धृपद एकदा फिरलं, दोनदा फिरलं. तो खाली बघत होता. तिसऱ्यांदा फिरलं तेव्हा संग्वियनताई जागेवरून उठली. मला वाटलं, निघाली. ती तिथेच उभी राहून टाळी द्यायला लागली. जुन्या म्होरकीची टाळी, घट्ट, तालाच्या जरा पुढे. मग तिने उभ्या उभ्याच नवरानवरीला आशीर्वादाची एक ओळ गायली. साधी, लग्नात सगळेच म्हणतात तशी. आवाज थोडा फाटला. झीलकऱ्यांनी ती उचलली आणि गाणं पुढे गेलं.

प्रांगने मांडवाच्या टोकावरून माझ्याकडे बघून हात जोडले. तिच्या नवऱ्याने विचारलं काहीतरी, तिने मान हलवली.

नंतर मी भांड्यांच्या बाजूला जाऊन बसले. कुणाला तोंड दाखवायची इच्छा नव्हती. तसलं काही माझ्या मनात नव्हतं, हेवाबिवा. कुठून आलं कोण जाणे. थविनने काय समजून घेतलं असेल? ताईने पानावर शेवया आणि रस्सा आणून माझ्यापुढे ठेवला. "खा," म्हणाली. बसली नाही. पाहुण्यांकडे गेली.

चांपीमावशी मात्र शेजारी टेकली. पान लावलं, चुना पुसला, तोंडात घातलं.

"लमोम," म्हणाली, "ही ओळ किती वर्षं धरून ठेवली होतीस गं?"

"आत्ताच आली," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने पानाचा डबा माझ्यापुढे सरकवला, आणि आम्ही दोघी मांडव उतरवणाऱ्या पुरुषांकडे बघत बसलो.